‘ब्लॅक’ आडनावाचं टार्टन कोणतं, आणि ते मिळवायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही पुण्याच्या, सध्या ग्लासगोत नोकरीला. होणाऱ्या नवऱ्याचं आडनाव ब्लॅक. डिसेंबरात पुण्यात लग्न, नंतर इकडे घरच्यांसाठी छोटा समारंभ. त्याला आपल्या घराण्याच्या टार्टनचा, म्हणजे ठरलेल्या रंगीत चौकटींच्या लोकरी कापडाचा, किल्ट (पुरुषांचा घड्यांचा, गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट) घालायचाय, आणि अंतरपाटही त्याच कापडाचा असावा अशी तुमची हौस. पण आडनाव सांगितल्यावर एका दुकानाने लामॉन्टचं टार्टन दाखवलं, दुसऱ्याने मॅकग्रेगरचं, तिसऱ्याने मॅक्लीन ऑफ ड्यूअर्टचं. चौथा म्हणाला, शोधत कशाला बसता, तुमच्या नावाने नवीनच नोंदवून देतो. यातलं खरं कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

मी स्कॉटिश बॉर्डर्समधल्या एका लोकरी कापडाच्या गिरणीत डिझाइनचं काम करतो. टार्टनचे सेट, म्हणजे रंगीत धाग्यांचे ठरलेले क्रम, बसवणं आणि खास मागणीचं कापड विणून घेणं हा माझा रोजचा उद्योग. मूळचा इचलकरंजीचा, त्यामुळे माग मला नवा नव्हता. कापडामागे लागलेली वंशावळीची भानगड मात्र इथे येऊन शिकलो. आडनाव सांगून टार्टन मागणारे लोक सतत येतात आणि बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. त्यांना वाटतं, आडनाव टाकलं की टार्टन बाहेर पडणार. प्रत्यक्षात आडनावाने शोधाची नुसती सुरुवात होते. घराणं कुठल्या गावचं, कुठल्या खोऱ्यातलं, हे कळलं तर टार्टन बऱ्यापैकी ठरतं. ते कळलं नाही तर ते आपणच निवडायचं असतं, आणि त्यात काही गैर नाही.

तीन दुकानांनी तीन उत्तरं दिली, पण तिघांपैकी कुणी खोटं बोललेलं नाही. आपल्याकडे दोन काळे भेटले तर ते एकाच कुळातले आहेत असं कुणी धरत नाही. गाव विचारतात, कुलदैवत विचारतात, मग ठरतं. ब्लॅकचं तसंच आहे. हे आडनाव स्कॉटलंडमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या कारणांनी आलेलं आहे.

मॅकग्रेगरांची गोष्ट सगळ्यात प्रसिद्ध. १६०३ साली, सहाव्या जेम्सच्या राजवटीत, मॅकग्रेगर हे नाव लावण्यावरच बंदी आली. नाव सोडा नाहीतर जीव गमवा, असा तो हुकूम होता. लोकांनी मग मिळेल ते आडनाव घेतलं: कुणी मरी, कुणी ग्रॅहम, कुणी चक्क शत्रूपक्षाचं कॅम्बेल, आणि काहींनी ब्लॅक. बंदी १६६१ मध्ये उठली, १६९३ मध्ये पुन्हा आली आणि कायमची गेली ती १७७४ मध्ये. तोवर इतक्या पिढ्या उलटल्या होत्या की अनेक घरांनी जुनं नाव परत घेतलंच नाही.

लामॉन्टांचं दुःख वेगळं. ते क्लाइड नदीच्या मुखाजवळच्या काउअल द्वीपकल्पातले. १६४६ मध्ये कॅम्बेलांनी त्यांचे किल्ले घेतले, शरण आलेल्यांना डनून गावात नेऊन मारलं. वाचलेले पांगले, आणि त्यांच्यातल्या काहींची पुढची पिढी ब्लॅक, ब्राउन, व्हाइट अशा आडनावांनी ओळखली जाऊ लागली. ड्यूअर्टचे मॅक्लीन मल बेटावरचे. तिथली गेलिक भाषेतली नावं पुढे इंग्रजी कागदपत्रांत शिरली तेव्हा त्यांतल्या काही नावांचं ब्लॅक झालं. शिवाय फाइफमध्ये किंवा लोदियनमध्ये एखाद्याचे केस काळे म्हणून ब्लॅक म्हटलं जायचं. अशा घरांचा हायलँडमधल्या, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, कुठल्याच कुळाशी संबंध नाही. हे सखल प्रदेशातले ब्लॅकही बरेच आहेत, आणि दुकानदार त्यांच्याबद्दल सहसा बोलत नाही, कारण त्यांना विकायला त्याच्याकडे कुळाचं टार्टन नसतं.

छोटी आडनावं मोठ्या कुळांना जोडणाऱ्या ज्या याद्या तुम्ही दुकानात पाहिल्या, त्या बहुतांशी एकोणिसाव्या शतकातल्या आणि त्यानंतरच्या आहेत. त्यांना काही आधार आहे. पण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ नये, हीही त्यांच्यामागची एक प्रेरणा होती. टेलर आले, कॅमरन दाखवा. मिलर आले, मॅकफार्लेन दाखवा. यादीत नाव आहे याचा अर्थ एवढाच की असा संबंध असू शकतो.

आता थोडं मागे जातो, कारण हे कळलं की तुमच्या मनावरचं ‘खऱ्या’ टार्टनचं ओझं कमी होईल. एका कुळाचं एकच ठरलेलं टार्टन, ही व्यवस्था वाटते तेवढी जुनी नाही. स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळावी म्हणून झालेल्या १७४५ च्या बंडातल्या लढाईचं डेव्हिड मोरियरने काढलेलं चित्र बघा. त्यात हायलँडचे सैनिक वेगवेगळ्या टार्टनमध्ये आहेत. एकेका माणसाच्या अंगावर दोन-तीन प्रकार आहेत. बंड मोडल्यावर १७४६ च्या कायद्याने हायलँडी पोशाखावर बंदी आली. सैन्यात असाल तर सूट, नाहीतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद आणि दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार रवानगी. १७८२ मध्ये ती बंदी उठली. मधल्या काळात टार्टन टिकलं ते मुख्यतः लष्करामुळे आणि गिरण्यांमुळे.

गिरणीवाला म्हणून मला इथे बॅनकबर्नच्या विल्सन यांचं नाव घ्यावंच लागतं. स्टर्लिंगजवळच्या या घराण्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून टार्टनचा धंदा उभा केला. त्यांचे कित्येक नमुने आधी नुसत्या क्रमांकांनी विकले जायचे आणि मग त्यांना कुळांची, गावांची नावं चिकटत गेली. १८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळप्रमुखांना पत्रं पाठवली, की तुमच्या टार्टनचा तुकडा सहीशिक्क्यानिशी पाठवा. काही प्रमुखांना आपलं टार्टन कोणतं हेच ठाऊक नव्हतं. त्यांनी इकडे तिकडे चौकशी करून तुकडे पाठवले. विल्सन यांनी १८१९ मध्ये आपल्या सेटची वहीच तयार केली. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी स्वागताचा थाट मांडला, राजा स्वतः किल्टमध्ये उभा राहिला आणि मागणी अशी उसळली की माग कमी पडले. पुढे १८४२ मध्ये दोन भावांनी, आपण स्टुअर्ट राजघराण्याचे वारस आहोत असं सांगत, एका जुन्या हस्तलिखिताच्या नावाने टार्टनांचा संग्रह छापला. ते हस्तलिखित बनावट होतं हे आता सगळे मानतात. तरी त्यातली कितीतरी टार्टन आजही कुळांची अधिकृत टार्टन आहेत.

यावरून ‘सगळा बाजार आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. दोनशे वर्षं एखादं कापड लोकांनी लग्नात नेसलं, लढाईवर नेलं, शवपेटीवर पांघरलं, तर ते त्यांचं झालं. सुरुवात कुणी केली हा प्रश्न त्यापुढे लहान आहे. पण त्या इतिहासामुळे एक मोकळीक मिळते: आडनावाच्या यादीपुढे तुम्ही मान तुकवायची गरज नाही.

तर मग तुमच्या बाबतीत काय करायचं?

पहिलं काम दुकानात जाण्याचं नाही. सासूबाई-सासरे किंवा घरातलं कुणी वडीलधारं माणूस असेल त्यांच्याजवळ बसा आणि ब्लॅक घराण्यातला जुन्यात जुना, ज्याचं गाव माहीत आहे असा माणूस कोण, ते विचारा. ग्लासगोतल्या घरांमध्ये उत्तर बहुतेक वेळा ‘आमचे आजोबा ग्लासगोचेच’ असं येतं, कारण एकोणिसाव्या शतकात हायलँडमधून आणि आयर्लंडमधून लोकांचे लोंढे कामासाठी या शहरात आले. त्यांच्या मागे एक-दोन पिढ्या जावं लागतं. त्यासाठी ‘स्कॉटलंड्स पीपल’ नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे. स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची सक्तीची नोंद १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली, आणि या नोंदी फार उदार आहेत. विवाहाच्या दाखल्यावर नवरा-नवरी दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही. १८४१ पासून दर दहा वर्षांच्या जनगणनेची जुनी पानंही तिथे सापडतात. १८५१ पासून त्यांत जन्माचा परगणा दिलेला असतो. दाखल्याची प्रतिमा उघडायला थोडे पैसे लागतात, पण एका संध्याकाळी तीन पिढ्या मागे जाणं शक्य आहे. एडिनबरात असाल तर जनरल रजिस्टर हाउसमध्ये जाऊन बसूनही हे करता येतं.

एक इशारा. ब्लॅक हे आडनाव इतकं सर्रास आहे की एकाच नावाचे दोन-तीन जॉन ब्लॅक एकाच गल्लीत निघतात. बायकोचं नाव आणि धंदा जुळल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका.

गाव सापडलं की चित्र पालटतं. डनून, टोवर्ड, काउअलचा कुठलाही भाग आला तर लामॉन्ट निःशंकपणे घ्या. बॅलक्विडर, ग्लेन ऑर्की, पर्थशरचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग आला तर मॅकग्रेगर पटण्यासारखं आहे. मल बेट किंवा समोरचा किनारा आला तर मॅक्लीन. आणि फाइफ किंवा लोदियन आलं, तर कुळाच्या मागे न लागता जिल्ह्याचं किंवा शहराचं टार्टन बघा. ग्लासगो, अ‍ॅबर्डीन, एडिनबरा, पेझली, गॅलोवे अशी कितीतरी आहेत. तुम्ही दोघं ग्लासगोत भेटलात, घर तिथेच आहे. ग्लासगोचं टार्टन घातलं तर उलट जास्त खरं वाटेल, असं माझं मत.

आणखी एक वाट लोक विसरतात: आईकडची. स्कॉटिश रिवाजात आईच्या, आजीच्या कुळाचं टार्टन घालायला कुणाचीच हरकत नसते. नवऱ्याची आजी समजा माहेरची मॅकडॉनल्ड किंवा फ्रेझर असेल, आणि तो संबंध कागदावर पक्का असेल, तर अंदाजाने जोडलेल्या लामॉन्टपेक्षा मी तिकडे वळेन. आमच्याकडे आलेल्या अनेक नवरदेवांनी शेवटी आजीचं टार्टन घेतलंय, आणि आजी हयात असेल तर तो निर्णय किती शहाणपणाचा होता हे लग्नाच्या दिवशी कळतं.

काहीच सापडलं नाही तर? मग कुणाचंच नसलेलं, म्हणजे सगळ्यांचं टार्टन घ्या. ब्लॅक वॉच, हंटिंग स्टुअर्ट, कॅलिडोनिया, किंवा अलीकडची आयल ऑफ स्कायसारखी. ब्लॅक वॉच गडद निळं-हिरवं-काळं, फार देखणं आणि कुठल्याही गिरणीत तयार मिळणारं. ही दुय्यम निवड आहे असं समजू नका.

परवानगीबद्दल तुम्ही विचारलंय. अमुक टार्टन अमुक माणसानेच घालावं असा कायदा नाही. लॉर्ड लायनचं न्यायालय, म्हणजे घराण्यांच्या मानचिन्हांचा कारभार बघणारं स्कॉटलंडचं न्यायालय, चिन्हं आणि ढाली यांच्या बाबतीत कडक आहे, पण तुमच्या नवऱ्याने कुठला किल्ट नेसला म्हणून तिथून नोटीस येणार नाही. रिवाजाने जपलेलं ठळक उदाहरण म्हणजे बॅल्मोरल, राजघराण्याचं राखाडी टार्टन. ते गिरण्या विकायला विणत नाहीत. लाल रॉयल स्टुअर्ट नावाला राजाचं असलं तरी बिस्किटांच्या डब्यापासून शाळेच्या स्कर्टपर्यंत सगळीकडे आहे. काही नव्या टार्टनवर, विशेषतः कंपन्यांच्या आणि खासगी व्यक्तींच्या, विणण्याचे निर्बंध असतात. ते सरकारी नोंदवहीत त्या टार्टनच्या पानावर लिहिलेले असतात. मालकाच्या होकाराशिवाय आम्ही ती मागावर घेत नाही.

ही नोंदवही म्हणजे स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स. २००८ च्या कायद्याने ती स्थापन झाली, २००९ मध्ये सुरू झाली, आणि राष्ट्रीय अभिलेखागार ती सांभाळतं. इंटरनेटवर कुणालाही फुकट शोधता येते. आडनाव टाकून बघाच, पण एकाच नावाखाली अनेक नमुने आले तर गोंधळू नका. कुळाचा नेहमीचा, शिकारीचा म्हणजे हिरवट-तपकिरी, पांढऱ्या पार्श्वभूमीचा ‘ड्रेस’, शिवाय कुणीतरी वैयक्तिक म्हणून नोंदवलेला, असे सगळे तिथे शेजारी शेजारी असतात. प्रत्येकाची तारीख आणि टीप वाचा. ‘वैयक्तिक’ लिहिलेलं टार्टन दुसऱ्या एखाद्या ब्लॅक कुटुंबाचं असेल, तुमचं नव्हे.

आता चौथं दुकान. नवं टार्टन नोंदवणं हा पूर्ण प्रामाणिक मार्ग आहे. स्कॉटलंडमधल्या शीख समाजातल्या एकाने १९९९ मध्ये सिंग नावाचं टार्टन करून घेतलं आणि ते आज लोक घालतात. पण त्यासाठी मध्यस्थाला मोठी रक्कम मोजायचं कारण नाही. अर्ज स्वतः ऑनलाइन करता येतो, आणि सरकारी फी बरीच वर्षं ७० पौंड राहिलेली आहे. नमुना आधीच्या कुठल्याही टार्टनपेक्षा पुरेसा वेगळा हवा, आणि ज्या नावाने नोंदवायचं त्या नावाशी तुमचा संबंध हवा. सगळ्या ब्लॅक मंडळींच्या वतीने नोंदवायला निघालात तर अडचण येईल. तुमच्या दोघांच्या लग्नाचं म्हणून वैयक्तिक नोंदवलंत तर सहसा येत नाही. नोंदणीसाठी कापड विणलेलं असण्याची सक्ती नाही. आणि हेही लक्षात असू द्या की नोंदणीने मालकीचा नवा हक्क मिळत नाही, फक्त नोंद होते. ‘सात पिढ्यांचं प्रमाणपत्र’ वगैरे जे दुकानात चौकटीत घालून मिळतं ते भिंतीसाठी आहे.

डिझाइन स्वतः करणार असाल तर एक गिरणीतली गोष्ट सांगतो. टार्टनमध्ये ताण्यातला क्रम आणि बाण्यातला क्रम एकच असतो, म्हणून प्रत्येक रंग प्रत्येक रंगाला कुठेतरी छेदतो आणि तिथे मिश्र छटा तयार होते. दोन रंग घेतले की कापडावर तीन छटा दिसतात. चार घेतले की दहा, सहा घेतले की एकवीस. संगणकाच्या पडद्यावर सहा रंग फार गोड दिसतात. विणल्यावर तीन हात अंतरावरून त्यांचा चिखल होतो. रॉब रॉय मॅकग्रेगरचं टार्टन बघा, नुसते लाल आणि काळे सारखे चौकोन, आणि अख्ख्या सभागृहात तेच उठून दिसतं. पैठणीचा मोरपंखी, केशरी, राणी आणि वर घराण्याचा निळा, असं सगळं एका सेटमध्ये कोंबायचा मोह होईल. तीन-चार रंगांवर थांबा आणि पाचवा असलाच तर दोन-चार धाग्यांची बारीक रेघ म्हणून येऊ द्या.

तुमच्याकडे वेळ किती आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. लामॉन्ट, मॅकग्रेगर, मॅक्लीन, तिन्ही मोठ्या गिरण्यांकडे तयार असतात. सेलकर्कच्या लॉकॅरनसारख्या गिरणीकडे शेकडो टार्टन साठ्यात आहेत. पण दुर्मीळ किंवा नवं टार्टन हवं असेल तर ताणा नव्याने लावावा लागतो. पाच मीटर विणा की पन्नास, ताणा मोजून, रंगाच्या क्रमाने लावून, फणीतून ओवायचे कष्ट जवळपास तेवढेच. म्हणूनच थोड्या कापडाचा मीटरमागे भाव चढतो; गिरणी लुटतेय असं नाही. काही गिरण्या एका किल्टपुरतंही विणून देतात, पण रांग लागलेली असते. त्यानंतर किल्ट हाताने शिवायचा वेळ वेगळा. डिसेंबरचं लग्न असेल तर खास विणकामाची मागणी उन्हाळा सुरू होण्याआधी नोंदवलेली बरी. तयार कापडाला एवढी घाई नाही, तरी किल्टमेकरची तारीख आधी घेऊन ठेवा.

किल्टचं कापड लोकरीचं, तिरप्या विणीचं. वजन दर वारामागे औंसात सांगतात. सोळा औंसाचं कापड जड, घड्या सुंदर बसतात, स्कॉटलंडच्या वाऱ्यात डौलाने पडतं. पुण्यात डिसेंबरची सकाळ गार असली तरी दुपारी मंडपात, होमापुढे, नवरदेव सोळा औंसांत शिजेल. तेरा औंस घ्या. इकडच्या समारंभालाही ते शोभेल. दहाच्या खाली गेलात तर घड्या ढिल्या पडतात. पारंपरिक किल्टला आठ वार कापड लागतं, पण ते एकेरी पन्ह्याचं. दुहेरी पन्ह्याचं, म्हणजे दीड मीटरच्या आसपास रुंदीचं घेतलं तर चार वार पुरतं, कारण ते मधून चिरून जोडतात. सेट किती मोठा आहे आणि नवरदेवाचा घेर किती, यावर हे थोडं मागेपुढे होतं. म्हणून किल्टमेकरने माप घेतल्याशिवाय कापड कापून मागवू नका. अ‍ॅक्रिलिकचे स्वस्त किल्ट पर्यटकांच्या रस्त्यावर मिळतात. लहान मुलांना ठीक आहेत, होमाजवळ मात्र नकोत.

रंगांची आणखी एक गंमत आहे आणि ऑनलाइन मागवणारे नेमके इथे फसतात. एकच टार्टन ‘मॉडर्न’, ‘एन्शंट’ आणि ‘वेदर्ड’ अशा वेगवेगळ्या रंगछटांत विकलं जातं. सेट तोच असतो. मॉडर्न म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या रासायनिक रंगांनंतरच्या गडद छटा. एन्शंट म्हणजे वनस्पतींच्या जुन्या रंगांसारख्या फिक्या. वेदर्ड म्हणजे जणू माळावर वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाल्लेलं कापड, तपकिरी-राखाडीकडे झुकलेलं. ‘एन्शंट’ लिहिलंय म्हणून ते जास्त जुनं किंवा जास्त खरं, असं काही नाही. आणि दोन गिरण्यांचा मॉडर्न लाल एकमेकांशी जुळेलच असंही नाही, कारण सेट धाग्यांची संख्या ठरवतो, लाल नेमका कोणता ते ठरवत नाही. नवरदेवाचा किल्ट एका दुकानातून, करवल्यांच्या ओढण्या दुसरीकडून आणि अंतरपाट तिसरीकडून, असं केलंत तर फोटोत तीन वेगवेगळी टार्टन दिसतील. सगळं एकाच गिरणीचं घ्या, आणि एका वजनाचं कापड एकाच लॉटचं.

अंतरपाटाची कल्पना मला फार आवडली. दुहेरी पन्ह्याच्या कापडाला दोन्ही बाजूंना पक्की किनार असते, त्यामुळे साधारण एक मीटर लांब तुकडा आडवा धरला की दीड मीटर रुंद अंतरपाट तयार. किनारी दोन धरणाऱ्यांच्या हातात येतात, शिवायला लागत नाही. वर-खाली कापलेल्या कडांचे थोडे धागे ओढून दशा सोडा, छान दिसतात. याला मात्र दहा-अकरा औंसांचं हलकं कापड पुरे, नाहीतर मंगलाष्टकं लांबली तर धरणाऱ्यांचे हात भरून येतील. लोकरीबद्दल कुणी नाक मुरडलं तर आजीच्या सोवळ्याच्या धाबळीची आठवण करून द्या. रंगाचा विचार मात्र आधीच करा. लामॉन्ट निळं, काळं, हिरवं आणि हिरव्यावर पांढरी रेघ. मॅकग्रेगर लाल-हिरवं, त्यात काळ्या कडांची पांढरी रेघ. ड्यूअर्टच्या मॅक्लीनचं नेहमीचं टार्टन लाल, हिरवं, निळं, वर पिवळ्या-पांढऱ्या बारीक रेघा. काळा रंग वर-वधूच्या मध्ये नको असं घरातल्या एखाद्या मावशी म्हणणारच. गाव लामॉन्टांचं निघालं आणि मावशी ऐकत नसतील, तर अंतरपाटावर मधोमध कुंकवाचं स्वस्तिक काढून प्रश्न मिटतो का बघा. गुरुजींना आधी विचारून ठेवा, बहुतेकांना चालतं.

वडिलांच्या फेट्याला हेच कापड वापरायचा विचार असेल तर सोडून द्या. कितीही हलकं घेतलं तरी लोकरीचा फेटा डोक्यावर राहत नाही आणि गुंडाळणारा वैतागतो. त्याऐवजी टार्टनमधला एक रंग उचलून सुती फेटे रंगवून घ्या आणि टार्टनचं नुसतं उपरणं खांद्यावर द्या. तुम्हाला स्वतःला हवं असेल तर रेशमी शेला काही गिरण्या विणून देतात, पण तो महाग पडतो, आणि किल्टच्या लोकरीशेजारी रेशमावरचा तोच रंग उजळ दिसतो हे धरून चाला.

तेव्हा या आठवड्यात घरच्यांकडून ब्लॅक आजोबा-पणजोबांचं गाव काढा आणि १८५५ नंतरचे दाखले उघडा. गाव मिळालं किंवा आजीचं माहेर पक्कं झालं की ठरलेल्या टार्टनचे दोन रंगछटांतले, तेरा औंसाचे नमुने एकाच गिरणीकडून मागवा. तळहाताएवढा तुकडा पुरत नाही. पूर्ण सेट दिसेल एवढा मागा, नाममात्र पैसे घेतात. ते तुकडे खिडकीच्या उजेडात तुमच्या शालूशेजारी ठेवून बघा. गावाचं नाव आणि शालूचा रंग कळवलात तर पुढचं मी सांगेन.